फक्कीचं घर

१

घर बांधायचं ठरलं की माणसं मासिकांतली चित्रं कापून आणतात. कुणाला जिना हवा असतो, कुणाला झुंबर. माझ्या ताईने चित्रबित्र काही आणलं नाही. ती माझ्या ऑफिसात आली, खुर्चीत बसली, दोन्ही गुडघे हातांनी दाबत म्हणाली, "मला असं घर दे, ज्यात मला काही म्हणजे काही करावं लागणार नाही."

"म्हणजे हॉटेल."

"चेष्टा करू नकोस. जन्मभर झाडलंय, पुसलंय, घासलंय. आता सुट्टीला जाऊन तिथेही झाडूच धरायचा असेल तर मी आहे तिथे बरी."

भावजी शेजारी बसून जोरजोरात मान डोलवत होते. झाडूशी त्यांची साधी तोंडओळखही नाही, पण मान डोलवण्यात हा माणूस पटाईत.

जागा त्यांनी घेऊन ठेवलेली होती. शहरापासून गाडीने निम्मा दिवस, एका डोंगराच्या उतारावर. मागे उघडा काळा कातळ, पुढे गुडघाभर गवत आणि मग दरी. शेजार नाही. मला ती बघताक्षणी आवडली. घराची देखभाल नको असेल तर घराने जमिनीशी भांडू नये, एवढं माझं साधं तत्त्व आहे. त्यामुळे भिंती तिथल्याच दगडाच्या, वर गिलावा नाही, रंग नाही. छप्पर डोंगराच्याच उताराने खाली आणायचं आणि इतकं पुढे काढायचं की पाऊस काचेपर्यंत पोचू नये. बाग करायची नाही, गवत आहे तसं व्हरांड्यापर्यंत येऊ द्यायचं. आणि झोपायच्या खोलीची फरशी मोठ्या सरकत्या काचेखालून बाहेरच्या कातळाला अशी भिडवायची की आतलं कुठे संपलं नि बाहेरचं कुठे सुरू झालं ते कळू नये. उंबरा नाही, पायरी नाही. ताईच्या गुडघ्यांचीही सोय झाली.

त्या बिनउंबऱ्याच्या फरशीवर मी फार खूश होतो.

२

नकाशा कळतो असं सगळे सांगतात. कळत कुणालाच नाही. म्हणून माझी एक पद्धत आहे. बांधकामाआधी मी अख्खं घर जागेवर खऱ्या मापात आखतो. शाळेच्या मैदानावर रेघा मारतात ना, ती चुन्याची पांढरी फक्की. भिंत असेल तिथे रेघ, दार असेल तिथे रेघ सोडायची. मग घरमालकाला म्हणायचं, आता यात राहून दाखवा. सकाळी उठा, तोंड धुवा, चहा करा. नियम एकच, रेघ म्हणजे भिंत. ओलांडायची नाही. जायचं ते दारातून.

लोक आधी हसतात आणि मग रंगात येतात. दिवस मावळेपर्यंत घरात काय चुकलंय ते त्यांचं त्यांनाच कळतं.

ताई तर पहिल्या मिनिटालाच रंगात आली. गवतात उभी राहून तिने गॅस पेटवला, भांडं ठेवलं, खिडकी उघडली. भावजी पेपर घेऊन बैठकीच्या खोलीतून सरळ न्हाणीघरात शिरले.

"अहो, भिंतीतून काय जाताय?" ताई ओरडली. "भूत आहात का?"

"गवत आहे गं हे."

"तुमच्यासाठी गवत. मागे फिरा आणि दारातून या."

भावजी निमूट मागे फिरले. मी हसून हसून बेजार झालो. शेवटी ताई पॅसेजमधून झोपायच्या खोलीत गेली, गवतावर जरा आडवी झाली आणि डोळे मिटून म्हणाली, "झालं रे. हेच माझं घर."

आमची आई लवकर गेली. मला न्हाऊ घालण्यापासून कॉलेजची फी भरण्यापर्यंत सगळं ताईने केलं. जगात मी जीव लावलेलं माणूस एकच आहे, आणि ते त्या दिवशी गवतात पडून हसत होतं. ते चित्र मी अजून जपून ठेवलंय.

३

पाऊस नव्हता, त्यामुळे मी पुन्हा गेलो तेव्हा रेघा जशाच्या तशा होत्या. फक्त गवतात एक पायवाट पडली होती.

जनावरं फिरत असणार, हे मला लगेच सुचलं. उघडा माळ, काहीही फिरेल. मी वाटेच्या बाजूने चालत गेलो. वाट कातळाकडून येत होती आणि घराला वळसा घालून व्हरांड्याकडे गेली होती. व्हरांड्यातून दाराने बैठकीच्या खोलीत. तिथून काटकोनात वळून पॅसेजमध्ये. पॅसेजमधून, दाराने, झोपायच्या खोलीत.

एकही रेघ पुसलेली नव्हती. कुठे पांढऱ्यावर खुराचा, पंजाचा, पायाचा ठसा नव्हता. कातळाकडून झोपायच्या खोलीत यायला मधे फक्त काचेच्या जागची एक रेघ होती, पण ती ओलांडण्याऐवजी अख्ख्या घराला फेरी घातलेली होती.

खोलीत, पलंगाच्या जागी, गवत दबलेलं होतं. अख्खं नाही. ताई आडवी झाली होती तिच्या शेजारची बाजू.

कंत्राटदार माझ्याबरोबर होता. बडबड्या माणूस, कशालाही उत्तर तयार. "शेळ्या असतील, साहेब."

"शेळ्या दारातून जातात?"

"चांगल्या घरच्या असतील," तो म्हणाला आणि आपल्याच विनोदावर खो खो हसला. मीही हसलो. न हसून करणार काय?

४

कुणीतरी आपली फिरकी घेतंय, असं मी मनाशी ठरवून टाकलं. आसपासच्या कुणीतरी आम्हाला त्या दिवशी गवतात चहा करताना पाहिलं असेल. तसं पाहिलं असेल तर त्याने चेष्टा करणं रास्तच होतं.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून मी बैठकीच्या खोलीचं दार हलवलं. जुनी फट फक्कीने बुजवली, दुसऱ्या टोकाला नवी सोडली. पुढच्या खेपेला पाहतो तर जुनी वाट बुजत आली होती आणि नवी नव्या दारातून पडली होती. म्हणजे फिरकी घेणारा चिवट होता. मी दोघांना बजावलं, एक स्वतःला आणि एक कंत्राटदाराला, की ताईला यातलं काही सांगायचं नाही.

त्याच खेपेला मी झोपायची खोली कातळाकडे जराशी सरकवली, फरशी नीट भिडावी म्हणून. आभाळ भरून आलं होतं, कंत्राटदार निघायची घाई करत होता. मी फक्कीचा डबा घेऊन भराभर चारी बाजू मारल्या आणि गाडीत बसलो.

पाऊस काही आला नाही. अर्ध्या रस्त्यात माझ्या लक्षात आलं की त्या खोलीला मी दार ठेवलं नाही. रेघ चारी बाजूंनी बंद. या धंद्यात नवशिके करतात ती चूक. कंत्राटदाराने मला घरापर्यंत चिडवलं.

५

पुढच्या वेळी मी एकटाच गेलो होतो. भर दुपार होती, ऊन चटके देत होतं.

व्हरांड्यातल्या, बैठकीतल्या, पॅसेजमधल्या वाटेवर गवत पुन्हा उभं राहायला लागलं होतं. तिथून बरेच दिवस काही गेलेलं नव्हतं. चला, कंटाळला एकदाचा, असं म्हणत मी पुढे गेलो आणि झोपायच्या खोलीपाशी थांबलो.

खोलीत गवत उरलंच नव्हतं. रेघेच्या आतल्या बाजूने, चारी भिंतींच्या कडेकडेने, जमीन तुडवून तुडवून गुळगुळीत झाली होती. कोपऱ्यांत जास्त. फिरून फिरून, फिरून फिरून. जिथे आधी दार होतं तिथे माती उकरलेली होती, पण रेघेच्या अलीकडेच. फक्की हलली नव्हती. रेघेच्या बाहेर गवत ताजं, हिरवं, उभं.

चेष्टा करणारा माणूस येताना बाहेरून येतो. इथे बाहेरून कुणी आलेलंच नव्हतं. मी रेघ बंद केली तेव्हा ते आत होतं.

मी डोकं लावत उभा राहिलो नाही. मी बुटाने घासून दाराएवढी रेघ पुसली आणि गाडीकडे पळालो. पळालो म्हणजे अक्षरशः पळालो, या वयात, या पोटानिशी. गाडीत बसल्यावर स्वतःलाच शिव्या घातल्या.

आठवड्याने कंत्राटदार म्हणाला, "साहेब, तुमच्या शेळ्या गेल्या वाटतं." एक वाट दारातून निघून कातळाकडे गेली होती आणि परत आली नव्हती. पायाचं खोदकाम त्याच आठवड्यात सुरू झालं. ताईला काय सांगणार होतो? गवत दबलंय म्हणून घर नको?

६

घर झालं, आणि देखणं झालं. स्वतःच्या कामाला मी सहसा चांगलं म्हणत नाही, पण हे घर डोंगराने स्वतःच काढल्यासारखं दिसायचं. देखभाल शून्य. ताई खूश, भावजी खूश. सुट्टीपुरतं म्हणून गेलेली दोघं तिथेच रमली.

मी गेलो की ताई घर दाखवायची, जणू मी ते कधी पाहिलंच नव्हतं. "आणि हा पॅसेज बघ. सगळीकडे थोडी तरी धूळ येते, इथे मधोमध बसतच नाही. काय दगड वापरलास रे?"

मी बघितलं. दगड सगळीकडे एकच होता. पॅसेजच्या मधोमध एक पट्टा स्वच्छ होता, आणि तो पट्टा वळून झोपायच्या खोलीत गेला होता.

चहाचा ट्रे घेऊन ताई पॅसेजमधून येत होती. मधेच तिने डावा खांदा मागे घेतला, पाठ भिंतीला टेकवली, क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली. अरुंद बोळात समोरून कुणी आलं की आपण करतो तसं. समोर कुणी नव्हतं.

"काय झालं गं?"

"कुठे काय?" तिला खरंच माहीत नव्हतं.

मग मी बघतच राहिलो. ती पलंगाच्या कडेला, पडेल इतक्या कडेला झोपायची. भावजींना घोरतात म्हणून दुसरी खोली दिलेली होती, पलंग अख्खा तिचा होता. दारातून जाताना ती आधी कुणाला तरी जाऊ द्यायची. हळूहळू तिचं जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. व्हरांड्यात येऊन बसायची ती येईनाशी झाली. मी म्हटलं, "चल, बाहेर चक्कर मारू," तर म्हणाली, "बाहेर काय आहे?"

ताई! जी गवतात आडवी होऊन हसली होती ती. भावजींना विचारलं तर म्हणाले, "आराम करतेय. तूच तर म्हणालास काही करावं लागणार नाही." इतका राग आला त्यांचा, पण त्यांच्यावर रागावून उपयोग नव्हता. घर मी दिलं होतं.

७

मी दोघांना बळेच माझ्याकडे राहायला आणलं आणि एकटा परत गेलो. आत जे असेल ते बाहेर पडावं म्हणून दिवसभर सगळी दारं सताड उघडी ठेवली आणि मग घराला कुलूप लावलं. घराच्या मागच्या बाजूला, कातळाच्या कडेला गवताचा पट्टा होता, त्यात फक्कीने तेच घर पुन्हा आखलं. माप तेच, खोल्या त्याच, दारं त्याच जागी. आखताना मला माझीच लाज वाटत होती. शिकलासवरलेला माणूस, उन्हात एकटा, कुणाला तरी घर दाखवतोय.

काही दिवसांनी गेलो. या आखणीतल्या व्हरांड्यातून वाट पडली होती. बैठकीतून, पॅसेजमधून, आत.

या वेळी चूक नव्हती. मी डबा घेतला, सरळ रेघ मारली आणि झोपायच्या खोलीचं दार बुजवलं.

वारा अजिबात नव्हता. खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात गवताची पाती खाली गेली. मग त्यांच्या अलीकडची. मग त्यांच्या अलीकडची. घाई नव्हती. माझ्यासमोर, रेघेपासून वीतभर अंतरावर, गवत दबलं आणि दबलेलंच राहिलं. मी एका बाजूला पाऊल टाकलं. आतलं गवतही त्या बाजूला दबलं.

मी मागे मागे चालत गाडीपर्यंत गेलो.

८

ताई परत गेली आणि पंधरा दिवसांत माणसात आली. फोनवर मला झापायला लागली, म्हणजे बरी झाली. व्हरांड्यात बसते, चक्कर मारते, भावजींना कामाला लावते. तिच्या आवाजाने मला रडू यायचं.

मागच्या आखणीचं मी सांगून ठेवलं होतं की पाहुण्यांसाठी आणखी एक घर काढतोय, तिथे कुणी फिरकायचं नाही आणि रेघ पुसट झाली की भावजींनी त्यावरूनच पुन्हा मारायची.

"देखभाल नको म्हणून घर बांधलं," भावजी कुरकुरले, "आणि आता रेघा गिरवत बसू?"

"तेवढं एक करा. हात जोडतो."

केलं बिचाऱ्यांनी. पुढच्या महिन्यात तिथे दगडाची पक्की पट्टी बसवायची असं मी ठरवलं होतं.

मग एका सकाळी ताईचा फोन आला. हसत होती. "काय रे, म्हातारा झालास का? एवढा मोठा आर्किटेक्ट, आणि पाहुण्यांच्या झोपायच्या खोलीला दारच ठेवलं नाहीस."

मी गाडीची किल्ली शोधायला लागलो.

"आत जाणार कसं माणूस? आणि गेलेला बाहेर येणार कसा? काल फिरायला गेले होते, बघवेना. चपलेने रेघ पुसून दार करून दिलं मी. बरोबर जागी केलंय हो. तुझ्याच हाताखाली शिकलेय, रेघ म्हणजे भिंत."

"ताई, तू आत्ता कुठे आहेस?"

"झोपायच्या खोलीत. का रे?"

"बाहेर ये. आधी बाहेर ये, आणि भावजींना घेऊन गाडीत बस."

"येते की," ती म्हणाली. फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, आणि पावलं. चालत गेली, लांब गेली, पुन्हा जवळ आली. पुन्हा लांब गेली. मी हाका मारत राहिलो. मग फोन बंद पडला.

९

गाडी कशी चालवली ते आठवत नाही. पोचलो तेव्हा उतरतीचं छान पिवळं ऊन पडलं होतं. भावजी व्हरांड्यात पेपर वाचत होते.

"ताई?"

"आत आहे. सकाळपासून चालतेय. म्हटलं चालू दे, गुडघ्यांना बरं."

मागच्या रेघा बघायला मी गेलो नाही. मी बैठकीतून पॅसेजमध्ये शिरलो. झोपायच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. समोरची मोठी काचही सरकवलेली होती आणि फरशी उन्हातून सरळ बाहेरच्या कातळावर गेली होती. अडवायला उंबरासुद्धा नाही.

ताई भिंतीच्या कडेकडेने चालत होती. उजवा हात दगडावरून फिरवत, चाचपत. कोपऱ्यात थांबायची, वळायची, पुढे निघायची. उघड्या काचेपाशी आली, हात हवेत भिंत असल्यासारखा सरकत गेला आणि ती पुढे गेली. तिच्या बोटांची टोकं सोलवटली होती.

"ताई, मी आलोय. इकडे बघ. दार इथे आहे."

ती माझ्यापाशी आली. मी दारातच उभा होतो, दोन्ही हात पुढे करून. मी तिचा दंड धरला आणि ओढली. दगडी भिंत ओढावी तशी ती हलली नाही. तिलाच दुखलं, ती कळवळली, म्हणून मी सोडलं. पॅसेजमधून माझ्या पाठीमागून कुणीतरी जावं तसा माझा खांदा आपोआप मागे गेला, पाठ चौकटीला टेकली, आणि मी वाट दिली.

ताईने मान वर केली. मी तिला दिसत होतो की नाही देवाला ठाऊक, पण तिच्या तोंडावर ती लहानपणी मला रागवायची तेव्हाची जुनी माया होती.

"अरे, दार ठेवायला विसरलास तू," ती म्हणाली. "कर ना रे पटकन. पाय दुखायला लागले."

मी त्याच्याभोवती मारली होती तशीच रेघ आता ताईभोवती होती; फक्कीची असती तर बुटाने पुसली असती. इथे भिंत दगडाची होती आणि दार तर उघडंच होतं. मी खाली बसून दोन्ही हातांनी फरशी घासायला लागलो. ताई माझ्या समोरून, भिंतीच्या कडेकडेने, पुढच्या कोपऱ्याकडे निघाली.